लेकरू सारखं थकतंय? ‘आळशी आहे’ म्हणण्याआधी हे तपासा

मे २०२४. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. जिल्हा प्रशासनाने थेट कलम १४४ लागू केलं आणि ही बातमी देशभर गाजली. कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि पंख्यांची सोय करा, असं त्या आदेशात होतं. खासगी क्लासच्या वेळा बदलण्याची सूचनाही त्यातच होती. भर दुपारी पाठीवर दप्तर घेऊन निघालेली मुलं उन्हाने थकतात, ही गोष्ट सरकारी कागदावर ठळकपणे आली.

उन्हाचा थकवा कळायला सोपा असतो. सावली, पाणी आणि झोप मिळाली की तो उतरतो. पण पाऊस पडला, शाळा सुरू झाली, तरी मूल सकाळी उठायला तयार नाही. शाळेतून आलं की दप्तर टाकून आडवं होतं. मैदानावर जायलाही नको म्हणतं. मग घरात ठरलेली वाक्यं ऐकू येतात: “मोबाइल पाहू पाहू असा झाला”, नाहीतर “अंगात आळस भरला त्याच्या.”

कधी कधी कारण मोबाइलच असतो. पण बऱ्याचदा थकव्यामागे झोप, पाणी, रक्त, एखादा आजार किंवा मनावरचा ताण असतो. आणि वऱ्हाडात आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो, ते म्हणजे सिकलसेल. ही कारणं एकेक करून समजून घेऊ.

आळस आणि थकवा यात फरक कसा ओळखायचा?

सोपी खूण म्हणजे खेळ. अभ्यासाला कंटाळा करणारं मूल क्रिकेटचं नाव काढताच पळत सुटत असेल, तर तो कंटाळाच. पण आवडीचा खेळ, मित्र, सायकल हेही नकोसं झालं असेल, तर मुलाची खरोखर ताकद कमी पडते आहे.

दुसरी खूण म्हणजे काळ. ताप, डेंग्यू किंवा चिकनगुनिया होऊन गेल्यावर काही आठवडे अशक्तपणा राहू शकतो आणि तो हळूहळू कमी होतो. पण पुरेशी विश्रांती मिळूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस थकवा टिकला किंवा तो वाढत गेला, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

तिसरी खूण म्हणजे बदल. आधी चपळ असलेलं मूल मंदावलं, मार्क घसरले, चिडचिड वाढली, तर त्याची नोंद घ्या. लहान मुलं “मला थकवा आला” असं सांगत नाहीत. ती किरकिर करतात, उचलून घ्या म्हणतात, नाहीतर जेवता जेवता झोपतात.

मुलाला झोप किती लागते आणि मिळते किती?

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेचे तास सांगितले आहेत. जगभरातले बालरोगतज्ज्ञ ते वापरतात.

- ३ ते ५ वर्षं: १० ते १३ तास (दुपारची झोप धरून)
- ६ ते १२ वर्षं: ९ ते १२ तास
- १३ ते १८ वर्षं: ८ ते १० तास

आता अकोल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलाचा दिवस पाहा. अकोला हे पश्चिम विदर्भातलं क्लासचं मोठं केंद्र आहे. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं येतात आणि तोष्णीवाल ले-आऊटसारख्या भागात खोली करून राहतात. सकाळी क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री टेस्टची तयारी. मूल रात्री साडेबाराला झोपून साडेपाचला उठत असेल, तर त्याला पाचच तास झोप मिळते. म्हणजे रोज किमान तीन तासांची तूट. रविवारी दुपारपर्यंत लोळून ही तूट पूर्ण भरत नाही.

किशोरवयात शरीराचं घड्याळही थोडं पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, त्यामुळे या वयात रात्री लवकर झोप न येणं नैसर्गिक आहे. त्यात मोबाइलची भर पडली की मध्यरात्र कधी होते ते कळतच नाही.

धाकट्यांच्या झोपेचा प्रश्न सरकारपर्यंतही गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण होत नसल्याचं सांगत शाळेच्या वेळा बदलण्याचा मुद्दा मांडला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. पण शाळा ९ ला भरली आणि मूल ११ ला झोपलं, तर फायदा होत नाही.

तास पूर्ण होऊनही मूल सकाळी थकलेलंच उठत असेल, तर रात्री त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या. रोज मोठ्याने घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणं या खुणा वाढलेल्या टॉन्सिल किंवा अॅडेनॉइडच्या असू शकतात. अशा मुलाची झोप रात्रभर तुटत राहते. यावर उपचार आहेत, पण त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं लागतं.

ऊन आणि पाण्याचा काय संबंध?

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथलं भूजल खारट आहे. अकोट-तेल्हारा भागात वान धरणावरची ८४ खेडी पाणीपुरवठा योजना उभी राहिली ती याच अडचणीमुळे. गोड्या पाण्याची अशी मारामार असते तिथे मूल दिवसभरात किती पाणी पितं, हे मुद्दाम बघावं लागतं.

शाळेतही एक अडचण असते. स्वच्छतागृह नीट नसेल तर अनेक मुली दिवसभर पाणी पिणंच टाळतात. मग दुपारनंतर डोकं दुखतं, चक्कर येते, लक्ष लागत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. ती गडद पिवळी असेल, दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, तर पाणी कमी पडतंय. उन्हाळ्यात साधं पाणी, ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कैरीचं पन्हं द्या. ओआरएस जुलाब-उलट्या झाल्यावर द्यायचं असतं. ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच बनवायचं.

‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं काय?

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोहोचवतं. ते कमी झालं की स्नायूंना आणि मेंदूला प्राणवायू कमी मिळतो. मूल दोन जिने चढून धापा टाकतं आणि वर्गात त्याचं लक्ष लागत नाही. यालाच अॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय म्हणतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हा आकडा ५३.८ टक्के होता. म्हणजे दहापैकी जवळपास सात मुलं. ‘आमच्याकडे सगळं खायला मिळतं, आमच्या मुलाला कसं होईल?’ असं म्हणण्यापूर्वी हा आकडा लक्षात ठेवा.

तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनचा आकडा यापेक्षा कमी असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय:

- २ ते ५ वर्षांखालील: ११
- ५ ते ११ वर्षं: ११.५
- १२ ते १४ वर्षं: १२
- १५ वर्षांपुढील मुली: १२, मुलगे: १३

(सगळे आकडे ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.)

घरी दिसणाऱ्या खुणाही आहेत. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिकट दिसतो. तळहात आणि नखं पांढुरकी दिसतात. काही मुलं माती, खडू, पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खातात. ही सवय खोडी म्हणून सोडून देऊ नये, लोह कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं.

मुलींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. १० ते १२ वर्षांच्या मुलाला रोज १६ मिलिग्रॅम लोह पुरतं, त्याच वयाच्या मुलीला २८ मिलिग्रॅम लागतं, असं आयसीएमआर-राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. पाळीत जास्त रक्त जात असेल तर ही गरज आणखी वाढते. अनेक मुली हे घरात बोलत नाहीत, म्हणून आईने स्वतःहून विचारलेलं बरं.

ताटात काय बदलायचं?

लोहासाठी महागडी पावडर लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकर, मुगाची-मटकीची उसळ, हरभरा, तीळ, हिवाळ्यातली हरभऱ्याची कोवळी भाजी हे सगळं वऱ्हाडातल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. मांसाहारी घरात मटण, कलेजी आणि मासे यांतलं लोह शरीर जास्त सहज शोषून घेतं.

भाजी आणि डाळीतलं लोह शोषायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबांसाठी ओळखलं जातं. तेच लिंबू वरणावर किंवा उसळीवर पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. पेरू, आवळा आणि संत्रं यांचाही तसाच उपयोग होतो.

याच्या उलट काम चहा करतो. चहातली टॅनिन लोहाला अडवतात. सकाळी चहा-पोळी किंवा चहा-टोस्ट खाऊन शाळेत जाणं अनेक घरांत रोजचं आहे. लहान मुलांना चहा देऊच नये. मोठी मुलं पीत असतील तर जेवण आणि चहा यात किमान तासाभराचं अंतर ठेवा. दोन-तीन वर्षांचं मूल जेवण सोडून दिवसभर दुधावरच राहत असेल, तर तेही रक्तक्षयाचं कारण ठरतं.

आणखी एक गोष्ट. शाळेच्या खिचडीतले किंवा रेशनच्या तांदळातले काही दाणे वेगळे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून व्हिडिओ फिरतात. ते पोषणयुक्त दाणे असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून ते बनवतात आणि साध्या तांदळात साधारण शंभरात एक या प्रमाणात टाकतात. ते वेचून फेकू नका.

शाळेत मिळणाऱ्या गोळ्या द्यायच्या का?

हो. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी, तर १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी दिली जाते. लहानांसाठी सिरप असतं. गोळी जेवणानंतर घ्यायची. तिने शौचाचा रंग काळसर होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळतं म्हणून अनेक मुलं गोळी खिशात टाकतात, त्यामुळे घरी एकदा प्रेमाने विचारा.

जंताची गोळीही महत्त्वाची आहे. हूकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, तो पोटात असेपर्यंत खाल्लेलं अंगी लागत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, शाळा आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत दिलं जातं. उघड्यावर अनवाणी फिरणाऱ्या मुलांसाठी ही गोळी चुकवू नका.

मात्र आठवड्याच्या या गोळ्या रक्तक्षय टाळण्यासाठी आहेत. रक्तक्षय झालेला असेल तर डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असल्याचं माहीत असलेल्या मुलाला तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नसते.

सिकलसेलचा विचार का करायचा?

विदर्भात सिकलसेलची नोंद जुनी आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दलचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत याचं प्रमाण जास्त दिसतं, पण हा कुठल्या एका जातीचा आजार नाही.

निरोगी लाल रक्तपेशी गोल आणि लवचिक असते आणि साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, आणि १० ते २० दिवसांतच फुटते. शरीर कितीही वेगाने नव्या पेशी बनवत असलं तरी हिशोब जुळत नाही. म्हणून हिमोग्लोबिन कायम कमी राहतं आणि मूल कायम थकलेलं असतं. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, पाठ आणि छातीत असह्य वेदना होतात.

खरी गफलत इथेच होते. लोहाची कमतरता आणि सिकलसेल या दोन्हींत मूल फिकट दिसतं, दमतं आणि रिपोर्टमध्ये ‘हिमोग्लोबिन कमी’ असंच येतं. मग लोहाचं टॉनिक सुरू होतं. ते संपलं की दुसरं. वर्ष निघून जातं. सिकलसेलमध्ये लोह वाढवून पेशींचा आकार बदलत नाही. उलट वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात आधीच लोह साठलेलं असतं आणि आणखी लोह अपायकारक ठरू शकतं. काही मुलांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात. म्हणूनच ‘रक्त कमी आहे’ हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: कशामुळे कमी आहे?

शंका वाढवणाऱ्या खुणा अशा:

- डोळे वारंवार पिवळे दिसणं
- सांधे किंवा हाडं पुन्हा पुन्हा दुखणं
- तान्ह्या बाळाचे हात-पाय अचानक सुजणं
- वारंवार ताप, न्यूमोनिया, पोटात डाव्या बाजूला फुगवटा
- घरात कोणाला सिकलसेल असणं किंवा वारंवार रक्त चढवावं लागणं

तपासणी सोपी आहे. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने मूल वाहक आहे की रुग्ण, ते पक्कं होतं. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगावं लागतं. नीट झालेली ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांवर मोफत होते.

वाहक आणि रुग्ण यातला फरकही समजून घ्या. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा जनुक आला असेल तर मूल वाहक असतं. अशा मुलाला सहसा काहीच त्रास नसतो. वाहक मूल थकत असेल तर ‘सिकलमुळे’ म्हणून थांबू नका, खरं कारण शोधा. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करायला सांगितलं जातं.

हा आजार असलेल्या मुलाला फॉलिक अॅसिड, वेळेवर लसी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया दिलं तर त्रास बराच कमी होतो. पाणी कमी पडलं की पेशी लवकर वाकड्या होतात, त्यामुळे अकोल्याच्या उन्हाळ्यात या मुलांच्या दप्तरात पाण्याची बाटली औषधाइतकीच गरजेची आहे. शाळेनेही त्यांना पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्यायला हवं. अशा मुलाला १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

आणखी कोणते आजार असू शकतात?

- टाइप १ मधुमेह: खूप तहान, वारंवार लघवी, पुन्हा अंथरूण ओलं होणं, वजन घटणं. हे दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा.
- क्षयरोग: दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन न वाढणं, मानेला गाठी, घरात कोणाला टीबी.
- थायरॉइड: उंची न वाढणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, कोरडी त्वचा.
- बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता: शाकाहारी घरांत बी-१२ कडे लक्ष द्यावं लागतं. हातापायाला मुंग्या, हाडं दुखणं या खुणा असतात.
- हृदयाचा आजार: खेळताना ओठ निळे पडणं, धाप, छातीत धडधड.

सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही थकवा तीन महिने टिकला, झोपूनही उतरला नाही आणि थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी मूल अंथरुणाला खिळलं, तर डॉक्टर क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा विचार करतात. हा आजार कमी मुलांत दिसतो, पण तो खरा आहे. यात ‘जोर लाव, पळ’ असा आग्रह केल्याने त्रास वाढतो.

मन थकलं असेल तर?

मुलांमधलं नैराश्य अनेकदा रडण्यापेक्षा थकव्यातून, चिडचिडीतून, पोटदुखीतून दिसतं. क्लासच्या टेस्टमधला नंबर, घरापासून दूर खोलीत एकटं राहणं, शाळेतला छळ, अशी कारणं मूल सहज सांगत नाही.

वऱ्हाडात त्यात घरची काळजी मिसळते. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज दिलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती होते. कर्ज, बोंडअळी, पडलेले भाव यांच्या गोष्टी मोठ्यांनी हळू आवाजात केल्या तरी त्या मुलांच्या कानावर पडतातच. ‘फी कुठून येईल’ या विचाराने जागणारं मूल सकाळी थकलेलंच उठणार.

मूल जगण्यात रस नसल्यासारखं बोलत असेल तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतून बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

आधी एक आठवडा साधी वही ठेवा. झोपायची आणि उठायची वेळ, तिन्ही वेळचं खाणं, पाणी, खेळ, मोबाइल, पाळीची तारीख आणि थकवा कोणत्या वेळी जास्त असतो, एवढं लिहा. बऱ्याच घरांत उत्तर या वहीतच सापडतं.

साधारणपणे सुरुवातीला सीबीसी, म्हणजे रक्ताची संपूर्ण मोजणी होते. गरजेप्रमाणे फेरिटिन (लोहाचा साठा), सिकलसेल चाचणी, साखर, थायरॉइड आणि लघवीची तपासणी केली जाते. गावातून सुरुवात करायची असेल तर आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि थकव्याबद्दल पथकाला सांगा. पुढच्या तपासणीसाठी अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे.

दम लागणं, बेशुद्धी, खूप सुस्ती, ओठ निळे पडणं, मान ताठ होणं किंवा अंगावर आपोआप निळे डाग उठणं यांपैकी काही दिसलं, तर वहीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

काय करू नये?

‘कमजोरी आहे, एक सलाईन लावून द्या’ असा आग्रह धरू नका. सलाईनमध्ये मुख्यतः पाणी, मीठ किंवा साखर असते. त्याने रक्त वाढत नाही. दुकानातून टॉनिक आणून वर्षभर पाजू नका. एनर्जी ड्रिंकही देऊ नका. त्यातलं कॅफिन थकवा थोडा वेळ झाकतं आणि रात्रीची झोप पळवतं. शाळांच्या ५०० मीटर परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये केली होती, ती याच कारणाने.

आणि सगळ्यात आधी, ‘आळशी’ हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा. सतत ते ऐकणारं मूल त्रास सांगणंच बंद करतं. हिमोग्लोबिन ८ वर घेऊन शाळेत बसलेलं मूल आधीच सगळा जोर लावत असतं. त्याला ओरडण्यापेक्षा एकदा त्याची खालची पापणी ओढून पाहा आणि या आठवड्यात रक्त तपासून घ्या.